विमानांतील तारांवरील अक्षरें : वऱ्हाडच्या ताम्रपटांच्या अनुषंगानें एक विचार

(१)

ताम्रपट, शिलालेख आणि पोथ्या यांचा व्यासंग करणाऱ्या वाचकांपुढें विमानांतील विजेच्या तारांचा विषय मांडणें प्रथमदर्शनीं विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु लेखनविद्येचा इतिहास म्हणजे केवळ लिपींचा इतिहास नव्हे. अक्षर कोणत्या आधारावर उमटविलें, कोणत्या साधनानें उमटविलें, तें किती काळ टिकलें, आणि तें उमटवितांना आधाराची काय गत झाली, हे प्रश्नही त्याच इतिहासांत मोडतात. या दृष्टीनें पाहतां, गेल्या सुमारें चाळीस वर्षांत विमानांच्या कारखान्यांत लेसर किरणांनीं तारांवर अक्षरें उमटविण्याची जी रीत रूढ झाली, ती लेखनविद्येच्या इतिहासांतील एक स्वतंत्र प्रकरण होय, असें आमचें मत आहे. त्या प्रकरणाची हकीकत येथें क्रमानें देण्याचें योजिलें आहे.

वऱ्हाडच्या वाचकांचा तर या विषयाशीं आतां निकटचा संबंध उत्पन्न झाला आहे. अमरावतीजवळील बेलोरा येथील विमानतळावरून ता. १६ एप्रिल २०२५ रोजीं प्रवासी विमानांची वाहतूक सुरू झाली. त्या दिवशीं मुंबई व अमरावती यांच्या दरम्यान उडालेलें विमान एटीआर ७२ या जातीचें होतें. ज्या जिल्ह्यांत हा विमानतळ आहे, त्याच जिल्ह्यांत अचलपूरनजीक चम्मक हें गांव आहे, आणि तेथें इ.स. १८६८ त वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याचा सुप्रसिद्ध ताम्रपट हातीं आला. दोहोंमध्यें सुमारें पंधराशें वर्षांचें अंतर आहे. पण दोन्हीकडे धातु एकच, म्हणजे तांबें, आणि दोन्हीकडे प्रश्नही एकच : अक्षर टिकावें आणि ज्यावर तें लिहिलें तो आधारही टिकावा, हें कसें साधावें?

(२)

प्रथम ताम्रपटांचा विचार करूं. चम्मकचा ताम्रपट प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षाचा असून तो एकंदर सात पत्र्यांचा आहे. भोजकट राज्यांतील, मधुनदीच्या कांठचें चर्माङ्क नांवाचें गांव एक हजार ब्राह्मणांस दिल्याचें त्यांत सांगितलें आहे; चर्माङ्क म्हणजेच आजचें चम्मक. फ्लीट यांनीं तो इ.स. १८८८ त आपल्या गुप्तकालीन लेखसंग्रहांत छापला, आणि पुढें वा. वि. मिराशी यांनीं इ.स. १९६३ त प्रसिद्ध झालेल्या वाकाटक लेखसंग्रहांत त्याचा पुनः परामर्श घेतला. याच जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें प्रभावतीगुप्तेचा, प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या वर्षाचा, ताम्रपट मिळाला. वाशीम येथें इ.स. १९३९ त दुसऱ्या विन्ध्यशक्तीचा, सदतिसाव्या वर्षाचा, चार पत्र्यांचा ताम्रपट उजेडांत आला. वाशीम त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत होतें, इ.स. १९९८ पासून तो स्वतंत्र जिल्हा झाला.

या लेखांतील वंशावळी, गांवें आणि दानाच्या अटी यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथें आम्हांस केवळ कारागिराची बाजू पाहावयाची आहे. याज्ञवल्क्यानें राजानें दानपत्र वस्त्रावर किंवा ताम्रपटावर लिहवून त्यावर आपली मुद्रा करावी असें सांगितलें आहे. म्हणजे तें पुढील राजांस कळावें हा हेतु. हा हेतु सिद्धीस नेण्याची जबाबदारी मात्र टांकी चालविणाऱ्याची. चम्मकच्या सात पत्र्यांपैकीं पहिला व शेवटचा हे एकाच बाजूनें कोरलेले आहेत. बाहेरच्या दोन बाजू कोऱ्या ठेवल्या म्हणजे घर्षण, माती व ओल यांचा मारा त्या सोसतात आणि आंतील मजकूर सुरक्षित राहतो. अनेक ताम्रपटांच्या कडा किंचित् उंच ठेवलेल्या आढळतात, त्याचेंही कारण हेंच : एक पत्रा दुसऱ्यावर घासून अक्षरें झिजूं नयेत. पत्रे कडीमध्यें ओंवून तिच्या सांध्यावर मुद्रा बसविली म्हणजे मधलें एखादें पान काढतां येत नाहीं व नवें घुसडतां येत नाहीं.

ताम्रपटाचें वर्णन करतांना संपादक आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदवितात. ती अशी कीं, अक्षरें पाठीमागें उमटलीं आहेत किंवा नाहींत. जाड पत्र्यावर खोल कोरलें तरी तें पलीकडे दिसत नाहीं. पातळ पत्र्यावर तीच टांकी त्याच जोरानें चालविली तर पाठीवर फुगवटे येतात, मागील बाजूचें लेखन बिघडतें आणि पत्राही दुबळा होतो. वाकाटकांच्या लेखनांत अक्षराच्या माथ्यावर लहान चौकोनी पेटी कोरण्याची चाल आहे, तिला तर हात विशेष सांभाळूनच चालवावा लागत असला पाहिजे. सारांश, पत्र्याची जाडी आणि अक्षराची खोली यांचें प्रमाण जुळविणें हीच या कलेंतील मुख्य मेख होती.

तालपत्रावरही हेंच. दक्षिणेकडे लोखंडी कंटकानें पानावर अक्षरें कोरून मग त्या चऱ्यांत काजळी भरीत. कंटक हलका पडला तर काजळी धरत नाहीं, जड पडला तर पान चिरतें. कागदावर शाईनें लिहूं लागल्यावर कोरण्याचें भय गेलें, परंतु नवें भय आलें. कांहीं शायांनीं कालांतरानें कागदच खाल्ला आणि ओळींच्या जागीं ओळींच्या आकाराच्या खिडक्या उरल्या, अशा पोथ्या बहुतेक संग्राहकांच्या पाहण्यांत असतील. म्हणजे कोरणें आणि लेप देणें असे लेखनाचे दोन मार्ग. पहिल्यांत आधारास जखम होते, दुसऱ्यांत अक्षर पुसतें किंवा लेपच आधारास बाधतो. विमानांतील तारांच्या बाबतींत हे दोन्ही मार्ग चोखाळून झाले आणि दोन्हींतले दोष अनुभवास आले. त्यानंतर तिसरा मार्ग सांपडला.

(३)

विमानाच्या अंगांत तारांचें किती मोठें जाळें असतें याची कल्पना बाहेरून येत नाहीं. एअरबस ए३८० या सर्वांत मोठ्या प्रवासी विमानांत सुमारें ५३० किलोमीटर लांबीची तार असते. अकोल्याहून मुंबईस लोहमार्गानें जावयाचें जें अंतर, त्याहून हें थोडेंच कमी. या तारा सुट्या नसतात. दहा, वीस, पन्नास अशा एकत्र बांधून त्यांचे जुडगे करतात, आणि ते जुडगे तक्तपोशीच्या मागून, जमिनीच्या खालून व पंखांच्या पोकळींतून नेलेले असतात. घरांतील विजेच्या तारा लाल, काळ्या, हिरव्या अशा रंगांवरून ओळखतां येतात. पण जेथें हजारों तारा आहेत तेथें रंग कोठवर पुरणार? म्हणून बहुतेक तारा एकाच फिकट रंगाच्या ठेवून प्रत्येकीवर तिची ओळख अक्षरांनीं लिहितात.

ही ओळख म्हणजे एक लहानशी सूत्रबद्ध भाषाच आहे. अमेरिकन लष्करी विमानांसाठीं ठरलेल्या आणि पुढें इतरत्रही पसरलेल्या एका पद्धतीप्रमाणें, समजा, तारेवर ‘२ पी २८१ सी २० एन’ असा संकेत आहे. त्यांतील आरंभींचा २ हा आंकडा एकाच प्रकारच्या दोन यंत्रांपैकीं दुसरें दाखवितो. ‘पी’ म्हणजे वीजपुरवठ्याचें मंडल. दिव्यांच्या मंडलास ‘एल’, बिनतारी यंत्रणेस ‘आर’, इंजिनाच्या मापनयंत्रांस ‘ई’ अशीं इतर अक्षरें आहेत. २८१ हा त्या तारेचा क्रमांक. ‘सी’ म्हणजे त्याच तारेचा तिसरा तुकडा, कारण एकच मार्ग वाटेंत जोडांवर तुटून पुनः पुढें जात असतो. २० ही तारेची जाडी, आणि शेवटचा ‘एन’ ही तार विमानाच्या धातूच्या अंगास, म्हणजे भूमीस, जोडली आहे असें सांगतो. तुकडे दाखवितांना इंग्रजी वर्णमालेंतील ‘आय’ आणि ‘ओ’ हीं अक्षरें वापरीत नाहींत. कारण तीं एक व शून्य या आंकड्यांशीं मिसळतात. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘व’ आणि ‘ब’ यांच्या घोटाळ्यांतून पाठभेद कसे जन्मास येतात हें जाणणाऱ्या वाचकांस या नियमाचें मर्म सांगावयास नको.

महानुभावांच्या सकळ लिपीचें येथें स्मरण होतें. रिद्धपूर ही त्या पंथाची काशी. आणि या लिपीचा उलगडा इतिहासाचार्य राजवाडे यांनीं केल्यामुळें त्या वाङ्मयाचें दार सर्वांस उघडलें. दोन्ही लेखनें किल्लीवांचून कळत नाहींत एवढें साम्य आहे. हेतु मात्र उलट. सकळ लिपि परक्यापासून ग्रंथ राखण्यासाठीं, तर तारेवरील संकेत हा ज्यानें तें विमान पूर्वीं कधीं पाहिलें नाहीं अशा परक्या कारागिरासही तत्काळ कळावा यासाठीं.

हा संकेत तारेच्या दोन्ही टोकांस असतोच, शिवाय मधल्या लांबीवर पंधरा इंचांहून अधिक अंतर न सोडतां तो पुनः पुनः लिहावा असा अमेरिकेंतील विमानखात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेचा दंडक आहे. तीन इंचांहून आंखूड तारेवर कांहीं लिहिण्याचें कारण नाहीं. तीन ते सात इंचांच्या तारेवर मध्यभागीं एकदां लिहावें. यामागील तर्क पोथीच्या पत्रांकाचाच आहे. लेखकानें शेवटीं पुष्पिकेंत ग्रंथाचें नांव लिहिलें तरी प्रत्येक पत्राच्या समासांत पत्रांक व ग्रंथनामाचा संक्षेप तो घालतो, कारण पोथी विस्कटली तर मधलें सुटें पान स्वतःच्याच साक्षीनें ओळखतां आलें पाहिजे. विमानाची दुरुस्ती करणाऱ्यास तारेचें टोंक दिसत नाहीं. झांकण काढल्यावर जो हातभर भाग दिसतो त्यावरच त्यास निर्णय करावा लागतो.

(४)

आतां लिहिण्याच्या साधनाकडे वळूं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कित्येक दशकें तप्त ठशाची रीत प्रचारांत होती. धातूचीं अक्षरें तापवून, त्यांच्या व तारेच्या मध्यें रंगीत पातळ पन्नी धरून, तीं अक्षरें तारेच्या वेष्टनावर दाबीत. उष्णतेनें व दाबानें पन्नीचा रंग वेष्टनांत रुततो आणि अक्षर उमटतें. साधन स्वस्त, काम जलद, अक्षर सुवाच्य. पुस्तकांच्या बांधणीवर सोनेरी नांव उठविणाऱ्या कारागिराची रीत तीच आहे.

दोष निघाला तो वेष्टन पातळ होऊं लागलें तेव्हां. विमानांत प्रत्येक तोळ्याचा हिशेब असतो. तारेंतील तांबें कमी करतां येत नाहीं, म्हणून भार कमी करण्यासाठीं वेष्टन बारीक करीत आणलें. कांहीं तारांत तें पाव मिलिमीटरहूनही कमी जाडीचें असतें. एवढ्याशा पदराच्या आंत वीज वाहणारें तांबें आणि बाहेर दुसरी तार किंवा विमानाचें धातूचें अंग. अशा पदरावर तापलेला ठसा दाबावयाचा म्हणजे पातळ पत्र्यावर टांकी चालविण्यासारखेंच झालें. उष्णता, दाब आणि ठसा टेकून ठेवण्याचा काळ हीं तिन्ही मापें नेमकीं जुळलीं तरच काम निर्वेध होतें. एखादें माप चुकलें तर ठसा वेष्टनांत अधिक रुतून पदर अर्धामुर्धा उरतो, क्वचित् थेट तांब्यापर्यंत भेग जाते. शिवाय तार गोल आणि ठसा बहुधा सपाट, त्यामुळें अक्षराच्या मधल्या भागावर दाब अधिक पडतो. ठसा ठळक करावा तर वेष्टन दुबळें, वेष्टन राखावें तर ठसा फिका, अशी ही कोंडी होती.

आणि ही जखम लगेच बोलत नाहीं. कारखान्यांतील परीक्षेंत तार निर्दोष ठरते. पुढें वर्षानुवर्षें कंपन, उष्णता, थंडी आणि ओल यांच्या माऱ्यानें तेथेंच बारीक चीर पडते. चिरेंत ओलावा शिरला म्हणजे ठिणगी उडूं लागते. कांहीं वेष्टनें ठिणगीनें जळून कोळशासारखीं होतात, आणि तो कोळसाच विजेस पुढें वाट देतो. मग शेजारच्या तारांचाही घात होतो. ज्या ठिकाणीं तारेची ओळख लिहिली तेंच ठिकाण तिच्या नाशाचें मूळ व्हावें, हें लेखनविद्येच्या इतिहासांतील मोठेंच वैगुण्य म्हटलें पाहिजे. आणि तेंही दर पंधरा इंचांवर.

(५)

तेव्हां लेपाचा मार्ग पाहिला गेला. शाईच्या बारीक थेंबांनीं अक्षर काढणारीं यंत्रें आलीं. यांत दाब नाहीं, म्हणून जखम नाहीं. पण शाई धरणार कशास? तारांच्या वेष्टनांस जे पदार्थ वापरतात त्यांतील एक तोच आहे कीं ज्याचा थर न चिकटणाऱ्या तव्यांवर देतात. ज्यावर धिरडें चिकटत नाहीं त्यावर शाई तरी कशी चिकटावी? पृष्ठभागावर आधीं संस्कार करून आणि नंतर शाई भाजून ती धरविण्याचे उपाय आहेत, परंतु इंधन, यंत्रांतील तेलें व सफाईचीं द्रावणें यांपुढें शाईची कसोटी लागते.

दुसरा उपाय म्हणजे अक्षरें छापलेली लहान नळी तारेवर चढविणें आणि ऊब देऊन ती आंवळून बसविणें. तारेस अपाय नाहीं व अक्षरही टिकतें; म्हणून जेथें तारेवर प्रत्यक्ष लिहितां येत नाहीं तेथें हा उपाय अजूनही योजतात. पण दर पंधरा इंचांवर नळी चढवावयाची म्हणजे भार वाढला, जाडी वाढली, आणि हातचें काम अतोनात वाढलें.

(६)

लेसरचा पहिला प्रयोग थिओडोर मेमन यांनीं ता. १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंत, माणकाच्या कांडीवर, यशस्वी केला. लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एका दिशेनें जाणारा व एका लयींत चालणारा प्रकाश. तो बारीक ठिपक्यावर एकवटतां येतो, म्हणून त्यानें धातु कापतां येतात व अक्षरेंही कोरतां येतात. तारांवर लिहिण्यासाठीं लेसर वापरतात असें सांगितलें म्हणजे ऐकणारा साहजिकच समजतो कीं तो अक्षर जाळीत किंवा खोदीत असणार. उष्णता देणाऱ्या अवरक्त किरणांचे जे लेसर आहेत त्यांच्या बाबतींत तें खरेंही आहे. ते वेष्टनाचा वरचा थर भाजून किंवा उडवून लिहितात, आणि तप्त ठशाचा दोष त्यांत दुसऱ्या रूपानें पुनः येतो.

इ.स. १९८० नंतरच्या दशकांत जी रीत पुढें आली ती निराळी आहे. तींत अतिनील, म्हणजे जांभळ्या रंगाच्याही पलीकडील, डोळ्यांस न दिसणारा प्रकाश वापरतात. दृश्य प्रकाशाची जांभळ्याकडील सीमा सुमारें ४०० नॅनोमीटर तरंगलांबीस येते. तारांसाठीं ३०८ व ३५५ नॅनोमीटरचे लेसर प्रचारांत आले. वेष्टनास पांढरा रंग यावा म्हणून त्यांत टायटॅनियम डायऑक्साइड नांवाची पांढरी भुकटी मिसळलेली असते. घरांच्या रंगांत धवलता आणणारी भुकटी हीच. ज्या इल्मेनाइट खनिजापासून ती करतात तें आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंतही आहे. या भुकटीचा गुण असा कीं दृश्य प्रकाश ती परतवून लावते, पण अतिनील प्रकाश शोषून घेते. आणि पुरेसा जोरकस अतिनील प्रकाश क्षणमात्र पडला तर तिच्या कणांची रचना पालटून त्या जागीं पांढऱ्याचा काळसर करडा रंग होतो. प्रकाशाचा हा आघात सेकंदाच्या कांहीं अब्जांश भागापुरताच असतो. त्यामुळें उष्णता आंत पसरण्यास अवकाश मिळत नाहीं. बदल पृष्ठभागालगतच्या, कांहीं शतांश मिलिमीटरांच्या, थरांतच होतो आणि त्याखालील वेष्टन जसेंच्या तसें राहतें.

हा तिसरा मार्ग होय. येथें कांहीं कोरलें नाहीं आणि बाहेरून कांहीं लावलेंही नाहीं. शाई वेष्टनांत आधींपासूनच होती. प्रकाशानें ती प्रगट केली एवढेंच. बोट फिरविलें तर अक्षर हातास लागत नाहीं. तें थराच्या आंत असल्यामुळें तेलानें धुऊन जात नाहीं व सहजीं खरवडून निघत नाहीं. यंत्रांत रिळावरून तार उलगडत जाते, गणकयंत्रांतील आराखड्याप्रमाणें ठरलेल्या अंतरावर तिच्यावर अक्षरें उमटतात, आणि ठरलेल्या लांबीवर ती कापली जाते. या पद्धतीसाठीं अमेरिकेंतील एस.ए.ई. या अभियंत्यांच्या संस्थेनें एएस ५६४९ या क्रमांकाचें स्वतंत्र मानक केलें आहे.

मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. ज्या वेष्टनांत ही पांढरी भुकटी पुरेशी नाहीं, किंवा ज्याचा मूळ रंगच गडद आहे, त्यावर अक्षर फिकें उठतें. म्हणून तार बनविणाऱ्यांस वेष्टनाचें मिश्रणच लेसरास अनुकूल असें करावें लागलें. कागद चांगला घोटला तरच बोरू चालतो, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय हें यंत्र मोठें व महाग असल्यामुळें, विमानतळावर एखादी तार बदलावी लागली तर पुष्कळदां छापील नळीचाच आश्रय करावा लागतो.

(७)

तारांच्या प्रश्नाकडे साऱ्या जगाचें लक्ष वेधलें तें दोन भयंकर अपघातांमुळें. ता. १७ जुलै १९९६ रोजीं न्यूयॉर्कहून निघालेलें टी.डब्ल्यू.ए. कंपनीचें बोइंग ७४७ विमान हवेंत फुटून २३० माणसें मृत्यु पावलीं. मधल्या इंधनटाकींतील बाष्पाचा स्फोट हें कारण ठरलें, आणि टाकीबाहेरील शॉर्ट सर्किटमुळें इंधनमापकाच्या तारांतून जादा वीज टाकींत शिरली असावी, असा चौकशी करणाऱ्यांनीं अधिकांत अधिक संभव वर्तविला. ता. २ सप्टेंबर १९९८ रोजीं स्विसएअरचें एमडी-११ विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत पडून २२९ माणसें दगावलीं. तेथें तारांतील ठिणगीनें जवळचीं उष्णतारोधक आच्छादनें पेटल्याचें चौकशींत निष्पन्न झालें. या दोहोंचा दोष तारांवरील ठशांकडे कोणी दिलेला नाहीं, आणि आम्हीही देत नाहीं. परंतु विमान जुनें होतें तसतशा त्याच्या तारा जुन्या होतात, आणि त्यांच्या वेष्टनावरील लहानशी इजाही उपेक्षणीय नाहीं, हें या चौकशांनीं सर्वांस पटविलें.

त्याचें फळ म्हणजे अमेरिकन विमानखात्यानें इ.स. २००७ च्या अखेरीस तारांविषयीं केलेले स्वतंत्र नियम. त्यांतील खुणांविषयींच्या कलमांत दोन अटी लागोपाठ घातल्या आहेत. पहिली अशी कीं खूण त्या वस्तूच्या अपेक्षित आयुष्यभर वाचतां आली पाहिजे. दुसरी अशी कीं खूण करण्याच्या साधनानें त्या वस्तूच्या कार्यास तिच्या आयुष्यांत केव्हांही बाध येतां कामा नये. जाड पत्रा निवडणाऱ्या व बाहेरच्या बाजू कोऱ्या ठेवणाऱ्या कारागिराच्या हातांत जी समज होती तीच येथें कायद्याच्या भाषेंत आली आहे.

(८)

तथापि अक्षर निर्दोष असलें म्हणजे लेख निर्दोष होतो असें नाहीं. इ.स. २००६ त ए३८० या विमानाचें काम दीर्घकाळ खोळंबलें, तें तारांमुळेंच. हँबर्ग आणि तुलूझ येथील कारखाने एकाच आराखडा-प्रणालीच्या दोन भिन्न आवृत्त्या वापरीत होते. हँबर्गहून तयार होऊन आलेले तारांचे जुडगे तुलूझच्या सांगाड्यांत बसेनात. कित्येक तारा आंखूड पडल्या. एकाच ग्रंथाच्या दोन परंपरा स्वतंत्रपणें वाढल्या आणि त्यांचा मेळ घालावयास कोणी बसलें नाहीं, म्हणजे जें होतें तेंच हें. तारेवरील खूण तिची ओळख सांगते. मूळ मसुदा बरोबर होता असें ती सांगूं शकत नाहीं. ताम्रपटांतही दानपत्राचा मसुदा एकानें करावा आणि कोरणाऱ्यानें तो निमूटपणें कोरावा, त्यामुळें मसुद्यांतील चूक तांब्यावर चिरंजीव होते. टिकाऊपणा हा गुण शुद्धाशुद्धास सारखाच लागू पडतो, हें अभ्यासकानें विसरूं नये.

आपल्या महाराष्ट्रांतही या लेखनाचे वाचक आतां पुष्कळ आहेत. नाशिकजवळ ओझर येथें हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यांत मिग आणि पुढें सुखोई जातीचीं लढाऊ विमानें तयार झालीं. नागपुरास मिहानमध्यें फाल्कन विमानांचे भाग बनतात, आणि इ.स. २०१५ पासून तेथें मोठ्या प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना आहे. तेथें झांकण उघडून विजेरीच्या उजेडांत करड्या अक्षरांवरून तार निवडणारा तरुण आणि धुळकट पत्र्यावर भिंग धरून मात्रा शोधणारा संशोधक यांचें काम मूलतः एकच आहे. फरक इतकाच कीं संशोधकाचा पाठ चुकला तर पुढील अंकांत त्याचें खंडन येतें. त्या तरुणाचा पाठ चुकला तर तो दुरुस्त करण्यास अवसर मिळेलच असें नाहीं.

(९)

शेवटीं, या हकीकतींतून संग्राहकांनीं घेण्याजोगी जी गोष्ट आहे तिचा उल्लेख करून हा लेख पुरा करूं. वऱ्हाडांत कारंज्याचीं जैन भांडारें, रिद्धपुरांतील मठ आणि गांवोगांवचीं जुनीं घराणीं यांच्यापाशीं केवढें हस्तलिखित धन आहे, हें रायबहादुर हिरालाल यांच्या इ.स. १९२६ च्या सूचीनें जगापुढें आणलें, आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांतील प्रो. हीरालाल जैन यांनीं कारंज्याच्या पोथ्यांवरून अपभ्रंश ग्रंथ संपादून त्याचें मोल दाखविलें. हें धन राखणारांसही प्रत्येक वस्तूवर खूण करावी लागते. नाहीं तर पोथी कोणाची, दप्तर कोणतें, पान कोठलें, याचा पत्ता राहत नाहीं. पण ती खूण आपण कशी करतों? मजकुरावरच रबरी शिक्का मारलेलीं, समासांत बॉलपेनानें आंकडे घातलेलीं, फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावलेलीं आणि टांचण्यांच्या गंजानें भोंकें पडलेलीं पानें थोडीथोडकीं नाहींत. ताम्रपटावर खिळ्यानें अनुक्रमांक ओरखडणारेही निघतात. हे सर्व तप्त ठशाचेच भाऊबंद होत. आज काम भागतें. जखम पुढील पिढीच्या वांट्यास येते.

विमानासाठीं केलेली दुसरी अट येथें जशीच्या तशी लागू करावी असें आमचें मत आहे. पहिल्या अटींत मात्र एक भेद करावा लागतो. तारेवरील खूण हा तारेचाच भाग आहे, ती कधींही निघूं नये. संग्राहकाची खूण हा ग्रंथाचा भाग नव्हे. ती स्पष्ट असावी, टिकावी, पण काढावयाची झाल्यास मागें कांहीं न राहतां निघावी. म्हणून पत्रावर लिहिणें प्राप्तच असेल तर मऊ शिसपेनसिलीनें, समासांत व अक्षरांपासून दूर लिहावें. ग्रंथाचें नांव व क्रमांक रुमालावर, लांकडी पाटीवर किंवा निराम्ल कागदाच्या स्वतंत्र चिठीवर असावेत. धातूच्या वस्तूवर क्रमांक घालणें असेल तर संग्रहालयांच्या प्रघाताप्रमाणें कोऱ्या कोपऱ्यांत आधीं पुढें सहज विरघळवितां येईल अशा लेपाचा बारीक पट्टा देऊन त्यावर लिहावें. प्रत्येक पत्राचें छायाचित्र क्रमांकासह वेगळें ठेवावें, म्हणजे चिठी हरवली तरी ओळख हरवत नाहीं.

आपल्या संग्रहांतील पोथ्या व पत्रे या दृष्टीनें एकदां तपासून पाहावेत, आणि ज्या खुणा आधारास अपाय करीत असतील त्या जाणत्याच्या साहाय्यानें सावकाश काढवून घ्याव्या, अशी आमची सर्व संग्राहकांस विनंती आहे. चिकटपट्टी व गंजलेल्या टांचण्या यांस प्रथम हात घालावा, कारण त्यांचा अपाय दर पावसाळ्यांत वाढत असतो.